लांब कान, वाळलेलं गवत आणि कुसळं

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गवत पिवळं पडायला लागलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो: फिरून आल्यावर कान झटकणारा कुत्रा. कॉकर स्पॅनियल, सेटर, बीगल, बॅसेट, रिट्रीव्हर अशा लोंबत्या कानांच्या कुत्र्यांबद्दल इतके प्रश्न साठले की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पहिल्या पत्रात वेळेला किंमत आहे, म्हणून ते आधी.

प्रश्न: आमची कॉकर स्पॅनियल चार वर्षांची आहे. काल संध्याकाळी माळावरून आल्यापासून ती डोकं सारखं झटकते, उजवा कान खाली करून तिरकी चालते आणि तिथे हात लावला की ओरडते. टॉर्च लावून पाहिलं, काही दिसलं नाही. शेजारचे काका म्हणतात, कोमट तेलाचे दोन थेंब घाला, जे असेल ते वर येईल. घालू का?

उत्तर: नका घालू. आजच पशुवैद्यांकडे न्या. माळावरून आल्या आल्या सुरू झालेलं झटकणं, तेही एकाच कानाचं, याचा अर्थ बहुतेक वेळा कुसळ, म्हणजे गवताचं टोकदार बी, आत गेलं असा असतो.

टॉर्चने काही दिसलं नाही यावर विसंबू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. ती आधी गालाच्या बाजूने खाली उतरते आणि मग काटकोनात वळून आत पडद्याकडे जाते. मोठ्या कुत्र्यात ही वाट साधारण ५ ते १० सेंटिमीटर भरते. टॉर्चचा उजेड पहिल्या उतारापर्यंतच पोचतो. कुसळ वळणाच्या पलीकडे, पडद्याला टेकून बसलेलं असेल तर बाहेरून ते दिसणार नाही.

तेलाने ते वर येत नाही, कारण त्याचे काटे मागच्या बाजूला वळलेले असतात आणि उलट दिशेने ते कातडीत अडकतात. शिवाय कुसळाने पडद्याला भोक पाडलं असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. मग तोल जाणं, डोकं कायम एका बाजूला राहणं, असं नवंच दुखणं मागे लागू शकतं. तेलाने माखलेल्या नळीत डॉक्टरांनाही नीट दिसत नाही, ते वेगळंच. जुन्या दुखण्यातल्या उरलेल्या औषधाच्या बाटलीलाही हाच नियम लावा. पडदा शाबूत आहे की नाही हे कळेपर्यंत कुठलंही पातळ औषध आत जाऊ देऊ नका. कापसाची काडी घातली तर कुसळ आणखी आत ढकललं जातं. चिमटा फक्त एकाच परिस्थितीत वापरायचा: बी अजून कानाच्या तोंडाशी केसांत आहे, त्याचं मागचं टोक तुम्हाला स्वच्छ दिसतंय आणि कुत्री स्थिर आहे, तेव्हा. मागच्या टोकाला घट्ट धरून, ज्या रेषेत ते शिरलंय त्याच रेषेत सावकाश ओढा. तुटलं तर थांबा.

निघण्याआधी दवाखान्यात फोन करून तिला खायला द्यायचं की नाही हे विचारून घ्या. बहुतेकदा गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं आणि त्यासाठी पोट रिकामं ठेवायला सांगतात. शांत कुत्रीही कानात अवजार गेल्यावर डोकं हिसकते आणि त्या एका हिसक्यात पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून ही गुंगी. डॉक्टर ऑटोस्कोपमधून, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या नळीतून बघत, मगरीच्या जबड्यासारख्या तोंडाच्या लांब बारीक चिमट्याने कुसळ काढतात. कधीपासून, कुठला कान, कुठल्या प्रकारच्या गवतातून फिरलात आणि कानात काही घातलंय का, हे सगळं सांगा. दुसरा कानही तपासायची आठवण करा. एकात मिळालं की दुसऱ्यात बघायचं राहून जातं, आणि कुसळं पुष्कळदा दोन्हीकडे असतात.

तोवर तिला कान खाजवू देऊ नका. गळ्यात बसणारी प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर घरात असेल तर घाला. जोरजोरात कान झटकल्याने पाळीतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि पाळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगते. एका कुसळापायी मग हे दुसरं दुखणंही निस्तरावं लागतं.

प्रश्न: आमच्या बीगलने दोन दिवस असंच डोकं झटकलं. आज तिसऱ्या दिवशी तो बराच शांत आहे. आता दवाखान्यात न्यायची गरज आहे का?

उत्तर: आहे. कुसळ आपणहून बाहेर पडल्याचं क्वचितच घडतं. दोन-तीन दिवसांत त्याभोवती मळ आणि स्रावाचं आवरण चढतं, टोचणं कमी होतं आणि कुत्रा शांत वाटतो. आत मात्र ते तसंच असतं. काही दिवसांनी कानाला आंबूस घाण वास, तपकिरी किंवा पिवळा स्राव, पाळीच्या आतली लाली असं दिसू लागतं. पुष्कळ जण तेव्हा 'कान आलाय' असं समजून औषध घालतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि औषध थांबलं की पुन्हा सुरू होतं.

प्रश्न: कुसळ म्हणजे एवढीशी काडी. ती अंगात इतकी आत कशी जाते? आणि जास्त वाईट काय, कुसळ की गोखरू?

उत्तर: कुसळ आणि मुसळाच्या म्हणीमुळे कुसळ म्हणजे क्षुल्लक असा अर्थ आपल्या डोक्यात बसला आहे. कुत्र्याच्या बाबतीत तो विसरावा.

कुसळी गवताचं एक पिकलेलं बी तळहातावर घेऊन बघा. खालचं टोक सुईसारखं टणक. त्याच्यावर आखूड ताठ लव, सगळी मागे वळलेली. बोट टोकाकडून शेपटीकडे फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं तर बोटाला अडतं. वरची शेपटी लांब, काळपट, दोरीसारखी पिळलेली आणि मध्ये गुडघ्यासारखी वाकलेली. आता तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ उलगडू लागतो आणि शेपटी डोळ्यांदेखत फिरते. वाळली की पीळ परत बसतो. जमिनीत स्वतःला रोवून घ्यायची ही त्या बियाची सोय आहे, आणि कुत्र्याचे दमट केस त्याला जमिनीसारखेच. दवाने ओल्या झालेल्या गवतातून सकाळी फिरवणं म्हणूनच वाटतं तितकं सुरक्षित नाही.

सगळ्याच गवतांच्या बियांना असा पीळ नसतो. मागे वळलेली लव किंवा काटे मात्र अनेकांना असतात आणि तेवढं पुरतं. कुत्रा चालतो, कान हलवतो, चाटतो, त्या प्रत्येक हालचालीने बी पुढे सरकतं. मागे येण्याची वाट काट्यांनी बंद केलेली असते. जाताना ते मातीतले जंतूही बरोबर नेतं, त्यामुळे ते थांबेल तिथे पू होतो. बोटांच्या बेचक्यातून ते पायात वर चढतं, आणि श्वासातून आत ओढलं गेलेलं कुसळ फुफ्फुसापर्यंत पोचू शकतं. फिरून आल्यावर काही आठवड्यांनी ताप, खोकला, मलूलपणा दिसला आणि कारण सापडत नसेल तर 'हा वाळलेल्या गवतात हिंडला होता' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. साध्या एक्स-रेमध्ये गवताचं बी सहसा दिसत नाही. सोनोग्राफी, दुर्बीण किंवा सीटी स्कॅन करायचं की नाही हे तुमच्या त्या एका वाक्यावर ठरू शकतं.

गोखरूची तऱ्हा वेगळी. या नावाने लोक दोन निरनिराळी बोंडं ओळखतात. शंखेश्वराच्या लांबट बोंडाला आकड्यांसारखे काटे असतात. ते केसांना धरतं, कातडीत शिरत नाही. सराट्याचा टणक काटा मात्र थेट पंजाच्या गादीत रुततो. आघाड्याची बोंडं लहान, पण झुपक्याने चिकटतात. ही केसांतली बोंडं दिसतात आणि हाताला लागतात, त्यामुळे वेळेत काढता येतात. जास्त भीती कुसळाचीच.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. कुत्रा दातांनी गोखरू उपटायला लागला की बारीक आकडे जिभेत आणि हिरड्यांत घुसतात. लाळ गळणं, तोंडावर पंजा मारणं, खाताना थबकणं असं दिसलं तर जिभेची कड आणि टोक बघा. तिथे खरखरीत लालसर पुरळ दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: कानांवर घालायची टोपी, म्हणजे स्नूड, घरी शिवता येईल का? कापड कुठलं घ्यावं? गेल्या खेपेला विणलेली लोकरी टोपी घातली तर तिलाच गवत चिकटलं.

उत्तर: येईल, आणि तुमच्या कुत्र्याच्या मापाची असल्यामुळे विकतच्यापेक्षा बरी बसेल. लोकर चुकली, कारण सैल विणीत बियांचं टोक घुसतं आणि आरपार कानापर्यंत जातं. घट्ट विणीचं, गुळगुळीत, ताणलं जाणारं आणि पातळ कापड हवं. खेळाडूंच्या टी-शर्टचं निसटतं कापड सगळ्यांत चांगलं. जुन्या टी-शर्टची बाही किंवा लेगिंगचा पाय लहान कुत्र्यासाठी नुसता कापूनही चालतो.

मापं दोन. कान नैसर्गिक लोंबत असताना, डोळ्यांच्या दोन बोटं मागून, कानांवरून आणि हनुवटीखालून टेप फिरवा. हा पहिला घेर. दुसरं माप लांबीचं: त्याच रेषेपासून मागे, कानांची टोकं संपून ४ सेंटिमीटर पुढे मानेपर्यंत. समजा घेर ३८ आणि लांबी २४ आली. कापड ४२ सेंटिमीटर रुंद घ्या: २ शिलाईला, २ सैलपणाला. लांबी दोन्हीकडच्या दुमडीसाठी धरून २७. कापड ज्या बाजूने ताणतं ती बाजू डोक्याभोवती आली पाहिजे. ती उभी आली तर टोपी डोक्यावरून जातच नाही.

उभी शिलाई मारून नळी करा. शिलाई हनुवटीखाली येऊ द्या, कानावर नको. पुढच्या कडेला दीड सेंटिमीटरची दुमड घालून तिच्यात ६ मिलिमीटर रुंदीचं मऊ इलॅस्टिक ओवा. त्याची लांबी घेरापेक्षा फार तर २ सेंटिमीटर कमी ठेवा. घातल्यावर इलॅस्टिकखाली दोन बोटं आडवी सहज सरकली पाहिजेत आणि कुत्र्याला तोंड पूर्ण उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच घालवतो, तेव्हा यात तडजोड नको. मागच्या कडेला इलॅस्टिक घालू नका, कापडाचाच ताण पुरतो. पण ती कड मानेला लागून बसली पाहिजे. सैल राहिली तर मानेवरचं कुसळ टोपीत शिरतं, बाहेर पडू शकत नाही आणि कापडाने कानाशीच दाबलं जातं. अशी टोपी घालण्यापेक्षा न घातलेली बरी.

घालण्याआधी कान तपासा, नाहीतर जुनं बी आत कोंडाल. कान सपाट, टोक खाली, आतली बाजू गालाकडे, असे ठेवून टोपी चढवा. पाळी उलटी दुमडली गेली तर कुत्रा पाच मिनिटांत पंजाने टोपी काढतो आणि आपल्याला वाटतं त्याला टोपीच आवडत नाही. गळपट्टा टोपीच्या मागे राहू द्या, खाली नको. दर फेरीनंतर टोपी उलटी करून झटका आणि आतून हात फिरवून बघा.

उन्हात अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नका. घरी आल्यावर लगेच काढा, कारण बंद दमट कानात बुरशी वाढते. झुडपांत मोकळं सोडायचं असेल तर टोपी नको, ती फांदीला अडकू शकते. आणि टोपी घातलेल्या कुत्र्याला एकटं ठेवू नका. टोपीने कान वाचतात. नाक, डोळे आणि पंजे उघडेच राहतात, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न: टोपीऐवजी कानात कापसाचे बोळे घातले तर?

उत्तर: नको. डोकं झटकताना बोळा एकतर बाहेर पडतो किंवा आत सरकतो. आत राहिलेला बोळा ओल धरून ठेवतो आणि मग तोच काढायला डॉक्टरांकडे जावं लागतं.

प्रश्न: आमच्या आयरिश सेटरच्या कानांच्या झालरीत गोखरूंचा गुंता होऊन जट झाली आहे. आंघोळ घातली तर आणखी घट्ट झाली. कात्री लावली आणि पाळीच्या कडेला कापलं. रक्त थांबता थांबेना. हे कसं काढायचं?

उत्तर: आधी जखमेचं. कानाच्या कडेची कातडी पातळ आणि रक्ताने भरलेली असते, त्यामुळे छोट्या कापानेही भीती वाटेल इतकं रक्त येतं. स्वच्छ सुती कापडाची घडी दोन्ही बाजूंनी धरून ५ ते १० मिनिटं सलग दाबा. मध्ये उचलून बघू नका, धरलेली गुठळी निघून येते. त्याने डोकं झटकलं की जखम पुन्हा उघडते, म्हणून थोडा वेळ त्याला शेजारी शांत बसवून ठेवा. १५ मिनिटांतही थांबलं नाही किंवा कड दुभंगली असेल तर टाका लागेल.

आता जट. पाण्याने केसांचा गुंता आवळतो आणि वाळताना गाठ आणखी पक्की होते. म्हणून गोखरू नेहमी कोरड्या केसांतून काढायचे, आंघोळ नंतर. लागणाऱ्या वस्तू चार: मोठ्या दातांचा धातूचा कंगवा, बारीक दातांची फणी, साधी पक्कड आणि बोथट टोकाची कात्री. निसरडेपणासाठी खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब किंवा कुत्र्यांचा कंडिशनर. टी-ट्री तेल लावू नका, ते कुत्र्यांना विषारी आहे.

डाव्या हाताच्या चिमटीत केस कातडीलगत, गोखरूच्या आणि कातडीच्या मधोमध, घट्ट पकडा. सगळा ताण तुमच्या बोटांवर येऊ दे, कानाच्या कातडीवर येऊ नये. हे एवढं जमलं की निम्मं काम झालं, कारण कुत्रा पळतो तो दुखतं म्हणून. गोखरूवर तेलाचा थेंब सोडून मिनिटभर थांबा. मग पकडीने गोखरू हलकेच चिरडा. अख्खा गोखरू ओढला तर त्याचे सगळे आकडे एकाच वेळी केस ओढतात. फुटला की तुकड्याला दोन-चारच उरतात. तुकडे बोटांनी, केसाच्या टोकाच्या दिशेने काढा. सुटे झाले की केसांच्या टोकापासून सुरुवात करून एकेक बोट मागे येत कंगवा चालवा, आणि शेवटी फणी. फणीत बारीक आकडे निघतात. तेच राहिले तर पुढच्या फेरीत जट तिथूनच सुरू होते. वेल्क्रोची पट्टी बर्डॉक नावाच्या झुडपाच्या अशाच बोंडांवरून सुचली आहे आणि ती बोंडं स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल यांच्या कुत्र्याच्याही केसांत अडकली होती. एकेक आकडा सोडवला तर निघतो, सगळे एकदम ओढले तर नाही, हे पट्टीला लागू आणि गोखरूलाही.

कापावंच लागलं तर कंगवा जटेच्या आणि कातडीच्या मधे सरकवा आणि कात्री कंगव्याच्या बाहेरच्या बाजूने चालवा. धातूचा कंगवा मधे असला की पाळी वाचते. कंगवा मधे जातच नसेल तर तिथे कात्री नकोच, कारण जटेत कातडी कुठे संपते हे बोटालाही कळत नाही. अशी जट यंत्राने काढणाऱ्या माणसाकडे किंवा दवाखान्यात न्या. मोठी जट आडवी कापू नका. केसांच्या लांबीच्या दिशेने तिच्या दोन-तीन उभ्या फाका करा आणि प्रत्येक फाक हाताने सोडवा. झालर जास्त वाचते.

प्रश्न: मग केस आधीच बारीक केलेले काय वाईट? पूर्ण भादरून टाकू का?

उत्तर: पूर्ण नको, ठरावीक जागीच. पाळीची आतली बाजू, कानाच्या तोंडाभोवतीचा ३ ते ४ सेंटिमीटरचा भाग आणि कानामागे मानेवरचा पट्टा, जिथे पाळी टेकते. कुसळ आधी या केसांत अडकतं आणि मग नळीची वाट धरतं. क्लिपरला १० नंबरचं ब्लेड लावलं तर साधारण दीड मिलिमीटर केस राहतात, तेवढे बरे. पाळी तळहातावर सपाट ताणून धरा आणि कडेजवळ क्लिपर मधून बाहेरच्या दिशेने न्या. ब्लेड तापतं, दर दोन-तीन मिनिटांनी मनगटाला लावून बघा.

पाळीची बाहेरची झालर हवी तर राखा, पण तिची टोकं जमिनीवर लोळत असतील तर दोन बोटं कमी करा. पंजांच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला आणा आणि बोटांवरचे झुपके छाटा. कानाच्या नळीतले केस मात्र स्वतः उपटू नका, त्याने आत सूज येते. अंगावरचे केस भादरले तर कातडी उघडी पडते आणि बी थेट तिलाच भिडतं.

फिरायला निघण्याआधी झालरीवर केस निसरडे करणारा स्प्रे हातावर घेऊन चोळला तर बोंडं कमी धरतात. डोळे आणि कानाचं तोंड टाळा. घट्ट तेल चोपडू नका, त्यावर धूळ बसून जटच होते.

प्रश्न: फिरून आल्यावर नेमकं काय काय तपासायचं? आमचा स्पॅनियल कानाला हात लावू देत नाही.

उत्तर: घरात शिरून गादीवर लोळण्याआधी, चांगल्या उजेडात. पाच-सात मिनिटं लागतात. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. दाट केसांत बी दिसत नाही, पण ताठ तुसासारखं टोचतं.

कानांपासून सुरू करा. पाळी उचलून डोक्यावर उलटी टाका. अंगठा आणि तर्जनीच्या मधे पाळी धरून मुळापासून टोकापर्यंत सरकत या. बाहेरच्या कडेला, खालच्या अर्ध्या भागात, कातडीची एक छोटी खिशासारखी घडी असते. ती उघडून बघा. गोचिडी आणि कुसळं दोन्ही तिथे लपतात आणि बहुतेक लोक तिथे कधीच बघत नाहीत. मग कानाचं तोंड, मग कानामागची खोबण. त्यानंतर डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांच्या घड्या. पुढे काखा, छाती, पोट, जांघा, शेपटीखालची बाजू. पंजे शेवटी, पण घाईने नव्हे: प्रत्येक पंजाला बोटांच्या तीन फटी वरून, तेवढ्याच खालून, आणि वर अंगठ्याचं नख असेल तर त्याच्याखाली.

लांब फेरी असेल तर मध्येही दर २०-३० मिनिटांनी थांबून कान आणि पंजे चाचपा. वाळलेल्या गवतातून जाताना लीश दीड-दोन मीटरची ठेवा आणि पायवाटेच्या मधून चाला. लांब सुटणाऱ्या लीशवर कुत्रा कडेच्या तुऱ्यांमध्येच नाक घालतो.

हात लावू देत नाही याचं कारण आधी शोधा. कान दुखत असेल तर कुठलीही सवय लागणार नाही, तेव्हा आधी दाखवून या. कान निरोगी असतील तर कुसळं नसलेल्या काळात सुरुवात करा. पाळीला नुसतं बोट लावायचं आणि लगेच खाऊ. एवढंच, १० सेकंद, दिवसातून तीन-चार वेळा. तो शांत राहिला की पाळी उचलायची, मग उलटी टाकायची, मग घडी उघडायची. एका पायरीवर दोन-तीन दिवस राहा. तो मान काढून घेऊ लागला तर एक पायरी मागे या, धरून ठेवू नका. धरून ठेवलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी हात बघूनच पळतो.

प्रश्न: पंजाच्या बोटांमधे तीनदा गाठ आली. दर वेळी गोळ्यांनी बसते आणि पंधरा दिवसांत परत येते. असं का?

उत्तर: कारण आतली वस्तू तिथेच आहे, ही शक्यता मोठी. गोळ्या जंतू मारतात, कुसळ काढत नाहीत. गाठीला बारीक तोंड असेल, त्यातून लालसर पाणी किंवा पू येत असेल आणि कुत्रा तिथे सारखं चाटत असेल तर डॉक्टरांना 'आत काही आहे का ते शोधाल का' असं स्पष्ट विचारा. सोनोग्राफीत मऊ भागातलं कुसळ पुष्कळदा सापडतं. कधी भूल देऊन चीर द्यावी लागते. बोटांच्या फटीतून शिरलेलं कुसळ गाठीच्या जागीच असेल असंही नाही, ते वर सरकलेलं असू शकतं.

ताज्या, लहान सुजेवर घरी एवढंच करा: अर्धा लिटर कोमट पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ, त्यात पंजा ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा, नंतर फटी कोरड्या. पिळू नका. पिळल्याने पू आणि बी दोन्ही आत पसरतात. दिवसभरात सूज उतरली नाही किंवा तो लंगडू लागला तर न्या.

प्रश्न: गवतातून आल्यावर आमच्या गोल्डन रिट्रीव्हरला एकामागून एक पंधरा-वीस शिंका आल्या. नंतर थांबल्या. काळजीचं आहे का?

उत्तर: हो. एका नाकपुडीतून रक्ताचा थेंब आला असेल तर जास्तच. शिंका थांबतात त्या पुष्कळदा कुसळ नाकात मागे सरकल्यामुळे. त्याच दिवशी दाखवा आणि नाकात काही घालून बघू नका.

डोळ्यालाही तेच. अचानक एक डोळा घट्ट मिटून घेतला, पाणी येतंय, तर सलाइनने धुवायला हरकत नाही, पण बी तिसऱ्या पापणीमागे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या पडद्यामागे असतं आणि दर उघडझापीला बुबुळ खरवडतं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

प्रश्न: आमच्या बॅसेटचे केस तोकडे आहेत. त्याला धोका कमी ना?

उत्तर: केसांत अडकण्याचा कमी. पण त्याचे कान वास घेताना जमिनीला टेकतात आणि झाडूसारखे बिया गोळा करतात. पाळीची आतली बाजू, कडेची घडी आणि मानेवरच्या वळ्या रोज बघा. पाळीच्या टोकाला खरचटलेलं असेल तर ते भरेपर्यंत गवत टाळा.

प्रश्न: घराभोवतीच्या मोकळ्या जागेत गवत वाढलं आहे, तुरे वाळले आहेत. यंत्राने कापून टाकलं की प्रश्न मिटेल?

उत्तर: वाळलेले तुरे यंत्राने कापले तर बिया उडून सगळीकडे पसरतात आणि आखूड गवतात दिसतही नाहीत. कापायची वेळ तुरे हिरवे असताना, बी पिकण्याआधी. वाढीच्या दिवसांत दर १० ते १४ दिवसांनी. आता उशीर झालाच आहे तर विळ्याने मुठी धरून कापा, तुरे वरच्या वर पोत्यात भरा, मग जागा बारीक दातांच्या दाताळ्याने दोनदा ओढा, एकदा आडवी आणि एकदा उभी. ते पूर्ण होईपर्यंत कुत्र्याला तिकडे सोडू नका. कापलेल्या गवताचा ढीग कोपऱ्यात ठेवू नका. वाळल्या गवताच्या ढिगात नाक खुपसून लोळणं कुत्र्यांना फार आवडतं, आणि लांब कानांचा कुत्रा तिथून उठतो तो दोन्ही कान बियांनी भरूनच.